दोन्ही घरी जायचं असतं

४ मार्च, मंगळवार

डॉक्टर उभ्याउभ्याच बोलले. वाईट बातमी द्यायची तर आधी समोरच्याला बसवायचं, मग आपण बसायचं, मग तोंड उघडायचं — हे गेल्याच महिन्यात याच हॉस्पिटलच्या लोकांना मी शिकवून आले. हेच डॉक्टर पहिल्या रांगेत माना डोलवत होते! "आम्ही खूप प्रयत्न केले," ते म्हणाले आणि माझ्या मनात आलं, पुढच्या शिबिरात हा मुद्दा ठासून सांगायला हवा.

धाकटा — माझा भाऊ — गेला, हे त्यानंतर मनात आलं. आलं आणि नुसतं बसून राहिलं. रडू नाही.

५ मार्च, बुधवार

लिहून ठेवते, नाहीतर उद्या जो तो आपापलं तिखटमीठ लावेल.

बस स्टँडमागे दोन पोरांची जुंपली. कारण काय, तर मोटरसायकलला धक्का लागला. धाकटा आणि त्याच्यासोबत काम करणारा आमचा पैलवान फेरीवर होते. आमच्या संस्थेचं कामच ते — भांडण पेटायच्या आत मध्ये पडायचं. पैलवानाने एकाला कवेत धरून बाजूला नेलं. दुसऱ्याच्या हातात चाकू होता. धाकटा त्याच्यासमोर गेला. वार त्याच्यासाठी नव्हता. त्याला लागला. चाकूवाला पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. पळाला तो पळालाच. कालव्यापलीकडे घर. तो आणि त्याची आई, दोघंच.

आईला — माझ्या — मीच सांगितलं. तिला बसवून सांगितलं. तिने सगळं ऐकलं, उठून गॅस बंद केला आणि विचारलं, "कुणी?" मी सांगितलं. "परत त्या घराचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही," म्हणाली.

७ मार्च, शुक्रवार

अंत्यविधी झाला. तोबा गर्दी. कुणीतरी माझ्या चपला घालून गेलं. मी कुणाच्या तरी घालून आले. एक नंबर मोठ्या आहेत. दिवसभर तेवढंच जाणवत होतं.

१० मार्च, सोमवार

कामावर गेले. घरी बसून काय करू? आई भिंतीकडे बघते आणि मी आईकडे.

सकाळची बैठक झाली. खुर्च्या गोल मांडायच्या, प्रत्येकाने आज आत कसं आहे ते एका शब्दात सांगायचं. नको असेल त्याने "पुढे" म्हणायचं. कुणी कुणाला खोदून विचारायचं नाही, माणूस आपणहून बोलेपर्यंत थांबायचं. ही पद्धत मीच आणली. आधी काय होतं? साहेब ओरडायचे, बाकीचे ओरडा खायचे आणि मग हीच माणसं वस्तीत जाऊन शांततेवर बोलायची. ते सगळं बदलायला माझी उमेदीची वर्षं गेली.

पैलवान "पुढे" म्हणाला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "ठीक." सगळे इतके हळू वागतायत की विचारू नका! दार लोटतात तेही असं, जणू दारालाच लागेल. माझ्या टेबलावर तीन जणांनी तीन चहा आणून ठेवले. तिन्ही निवले.

अध्यक्षांचा फोन आला. "तुम्हाला हवा तेवढा वेळ घ्या." कशासाठी, ते नाही सांगितलं.

११ मार्च

झोप मस्त लागते. लाज वाटायला हवी. तीही वाटत नाही.

१३ मार्च, गुरुवार

समोरचा चहावाला म्हणाला, "ताई, पोरं त्याला शोधतायत." कोण पोरं? धाकट्याचे मित्र. शाळेपासूनचे, आमच्याच घरी वाढलेले. पोलिसांच्या आधी आपण गाठायचं म्हणतायत.

"बघू," म्हटलं आणि सुट्टे पैसे परत घेतले. एरवी हे कानावर आलं असतं तर मी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं.

१५ मार्च, शनिवार

शिबिर रद्द केलं नाही. कशाला करायचं? शाळांचे, दवाखान्यांचे, वॉर्डाचे सगळे वरचे लोक आले होते. विषय नेहमीचाच: आघात नुसता माणसाला होत नाही, संस्थेलाही होतो. घाबरलेली संस्था घाबरलेल्या माणसासारखीच वागते — गप्प बसते नाहीतर अंगावर येते. तोंडपाठ आहे मला. तोंड बोलत होतं, मी खिडकीतून पार्किंग बघत होते.

मग आमचा मुख्य नियम सांगितला. घटना घडली की त्याच दिवशी दोन्ही घरी जायचं. ज्याला लागलं त्याच्या घरी आणि ज्याने मारलं त्याच्याही घरी. दुसऱ्या घरी कुणी गेलं नाही, तर ते लोक धरून चालतात की आता सूड घेतला जाणार. आणि वाट बघून बघून तेच आधी हत्यार उचलतात.

एका मुख्याध्यापिका बाईंनी हात वर केला. मागच्या आठवड्यातलं त्यांनी पेपरात वाचलं होतं. तो माझा भाऊ, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मग त्या प्रकरणात दुसऱ्या घरी कोण गेलं?"

आमची समुपदेशक मागच्या भिंतीला टेकून उभी होती. तिने खाली बघितलं. मी म्हटलं, "चहा घेऊ या."

ऑफिसात आल्यावर सगळ्यांना बोलावलं. कोण गेलं होतं? शेवटी समुपदेशक म्हणाली, "तुम्हाला कसं विचारणार, ताई? म्हटलं, तुम्हाला जरा वेळ देऊ. आपणहून म्हणाल तेव्हा..."

"आणि त्या पोराच्या आईचं काय?"

"तुम्ही कोसळाल असं वाटलं हो."

"मी उभी कुठे होते कोसळायला!"

म्हणजे काय, तर मला जपता जपता सगळी संस्था हात बांधून बसली. मीच शिकवलेलं, एका अक्षराची चूक नाही. आणि मला तरी कुठे आठवलं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

१६ मार्च, रविवार

पैलवान घरी आला. त्या घरावर दगड पडलेत म्हणाला. काचा फुटल्या. बाई आत एकटी. पोरगा कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही.

"मी जातो, ताई."

"तुला बघून ती कडी लावेल. पूर्वीचा मारामाऱ्या करणारा पैलवान माहीत आहे सगळ्यांना."

"तेही खरंच."

जायचं तर मीच जायचं. मी गेले तरच ती धरून चालणार नाही की आम्ही सुडाला टपलोय. आणि मला जायचं नाही. ते पोरगं मेलं तरी मला चालेल का? प्रामाणिकपणे आत बघितलं. काहीच नव्हतं. राग असता तरी बरं होतं. भीती वाटली ती याचीच.

१८ मार्च, मंगळवार

गेले.

दार फटीएवढंच उघडलं. मी माझं नाव सांगितलं. तिचा हात कडीवर गेला. तरी तिने दार पूर्ण उघडलं. "या," म्हणाली. शिलाई मशीन, एकच खुर्ची, खिडकीला पुठ्ठा. खुर्ची मला दिली, आपण जमिनीवर बसली. मी पण उठून खाली बसले. नियम म्हणून नाही. वर बसवेना.

मला वाटलं, माफी मागेल. सगळे मागतात. मीही त्यावरचं उत्तर तयार ठेवलेलं. बराच वेळ ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली आणि मग म्हणाली, "कसा होता हो तो?"

धाकटा गेल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. एका माणसाने नाही!

मी बोलायला लागले. की तो कुत्र्यांना घाबरायचा. चाकू घेतलेल्या पोरांच्या मध्ये जाऊन उभा राहणारा हा बाप्या गल्लीत कुत्रं दिसलं की रस्ता बदलायचा, आणि वर म्हणायचा, "माणसाला समजावता येतं, ताई, कुत्र्याला काय समजावू?" ती फस्सकन हसली. मग घाबरून तोंडावर हात ठेवला. मग मी हसले. हसता हसता काहीतरी बिनसलं आणि मी रडायला लागले. अशी रडले की शेजारीण डोकावून गेली. तिने मला पाणी दिलं. ज्याने मारलं त्याच्या आईने! तिनेच माझी पाठ चोळली.

मग तिने मुद्द्याचं विचारलं. "तो फोन करतो मधूनच. कुठे आहे, सांगत नाही. पोलिसांकडे जा म्हणते, तर म्हणतो बाहेर पडलो की ती पोरं वाटेतच संपवतील. खरं आहे का हो?"

मला नाही म्हणता आलं नाही. "खरं आहे," म्हटलं. "मी त्यांना भेटते. ऐकतील की नाही, ठाऊक नाही."

१९ मार्च, बुधवार

धाकट्याच्या मित्रांना गाठलं. गॅरेजमध्ये बसली होती सगळी. माझं होतं नव्हतं ते सगळं सांगून झालं. त्यांनी ऐकून घेतलं. माझ्यासमोर कधी आवाज चढवत नाहीत. मग त्यातला मोठा म्हणाला, "ताई, तुमचं कामच ते. तुम्ही हेच सांगणार. आम्ही मावशींच्या हातचं खाल्लंय. मावशींना थांबा म्हणू दे, इथल्या इथे थांबतो."

मावशी म्हणजे माझी आई. जिच्यासमोर त्या घराचं नाव काढायचं नाही.

घरी आले. आई खिडकीशी बसली होती. तीनदा तोंड उघडलं, तीनदा मिटलं. कुठल्या तोंडाने सांगू? तिचा मुलगा गेलाय आणि मी तिला सांगणार, मारणाऱ्याला वाचव! असला नियम कुठल्या शिबिरात सांगितलाय मी? सगळं रडू काल त्या घरात रडून आले, त्यामुळे आज सगळं दुखतंय. हात, मान, डोळे. धाकट्या, तुझी फार आठवण येते रे.

आज नाही. उद्या सांगेन.

२० मार्च, गुरुवार

सकाळी सांगितलं. सगळं. तिच्याकडे गेले होते हेसुद्धा.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "त्या बाईचा मुलगा आहे ना अजून?"

"आहे."

"मग बसलीस काय? चल, त्या पोरांकडे जाऊ."