पोटावरचे डाग

मुंबई, माघ शुद्ध पंचमी

चि. सौ. कुशाबाईस थोरल्या दादाचा आशीर्वाद.

दत्तोबाराव दाजी आज इस्पितळात वाटीभर पेज प्याले. कन्हेरीला घरी दारापुढच्या वांग्यांना पाणी दिलं का, एवढंच विचारतात.

काल डॉक्टरांनी त्यांच्या छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला आणि भिंगाखाली पाहिला. कुशा, हा हिवताप न्हाय. मगजात केर गिळणारे कण असतात म्हणे. तेच माजलेत आणि चांगलं रक्त गिळतायत. त्यावर औषध न्हाय.

पोटावरचे डाग बघून डॉक्टर कडाडले, "हे कुणी केलं?" मी मान खाली घातली. दत्तोबाराव म्हणाले, "तापानं पोटातली पाणथरी वाढली की आमच्यात वरनं डागत्यात, सायेब." माझं नाव घेतलं न्हाय.

दोन पुस्तकं वाचून मी वैद्य झालो. विळा तापवला तेव्हा तू माझा हात धरलास, तर तुलाच येडी म्हणालो. डॉक्टर म्हणतात, आधी आणलं असतं तरी हेच होतं. पण डागायचं तरी चुकलं असतं.

गुरुवारी त्यांना घरी आणतो. अंथरूण दारापाशी घाल, वाफे दिसतील. अंग पुसताना डाग दिसतील, तेव्हा त्यांच्यासमोर रडू नको. मला हाक मार आणि काय बोलायचं ते बोल.

तुझा चुकलेला,
दादा