भूगोलाच्या मास्तरांचं सुरक्षित घर

विश्रांतवाडी, पुणे
दि. १२ मे २०२५

ती. कुसुमताईस उत्तरेश्वरचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. भाऊजी गेल्यापासून तू सांगलीत एकटी आहेस आणि पावसाळा तोंडावर आलाय. २०१९ला कृष्णेचं पाणी तुझ्या माळ्यापर्यंत चढलं होतं. म्हणून ते घर विकून तू कुठे राहावंस, याचा मी शास्त्रशुद्ध विचार केला.

जेवणाच्या टेबलावर देशाचा नकाशा पसरला. हिमालयात दरडी, ओडिशात चक्रीवादळं, कच्छात भूकंप, आसामात पूर. एकेक राज्य पेन्सिलीने खोडत गेलो. आठवडाभर आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. शेवटी देशात सुरक्षित अशी एकच जागा उरली, ती म्हणजे माझीच सोसायटी. एवढा अभ्यास करून माणूस स्वतःच्याच दारात पोचतो, हे तुझ्या भावजयीला फार विनोदी वाटलं. पण तळमजलाही मी विचार करूनच घेतलाय. भूकंप झाला तर चपला घालून बाहेर पडता येतं. शेजारचा फ्लॅट रिकामा आहे. तू ये.

लोभ आहेच, तो सांगलीहून इकडे हलवावा ही विनंती.

तुझा उत्तरेश्वर

सांगली
दि. २० मे २०२५

चि. उत्तरेश्वर यास अ. उ. आ.

पत्र पोचलं. मांडीवरच्या जेवणाबद्दल शेफालीला माझी सहानुभूती कळव.

आमची नदी सांगून येते. पुलापाशी पाणी किती फूट चढलं ते समजतं, आणि मी लोणच्याच्या बरण्या वर हलवते. त्या पुरात समोरच्या सलीमाने मला तिच्या वरच्या मजल्यावर नेलं. तिच्या आमटीत मी चिंच जास्त घातली, यावरून आमचं अजून भांडण चालू आहे. ते अर्धवट टाकून मी कुठे येऊ? तुझ्या डोक्यावर कोण राहतं रे? पुढच्या पत्रात नाव लिही.

माया आहे तेवढीच आहे, हट्ट मात्र पुरे.

तुझी कुसुमताई

विश्रांतवाडी, पुणे
दि. २८ जुलै २०२५

ती. कुसुमताईस शि. सा. न.

आधी हे वाच, आम्ही दोघं ठीक आहोत.

शुक्रवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. मी येरवड्याला ज्येष्ठ नागरिक संघात भाषण द्यायला गेलो होतो. विषय विचारू नकोस. बरं, सांगतो, 'निसर्गाचा कोप आणि आपलं सुरक्षित पुणे'. टाळ्याही पडल्या. परत येतो तर आमच्या रस्त्यावर कमरेएवढं पाणी. भिंतीमागचा नाला भरून बाहेर आला होता. जन्मभर पोरांना नद्यांची खोरी शिकवली आणि घरामागच्या नाल्याला मी गटार समजत आलो.

शेफाली आत एकटी होती. तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला महिनाही झालेला नाही. तिचा फोन लागेना, आणि अग्निशमन दलाची माणसं मला पुढे जाऊ देईनात. ताई, मी रस्त्यात उभा राहून रडलो. फार घाबरलो होतो.

पाणी उतरल्यावर आत धावलो, तर घर रिकामं. चौथ्या मजल्यावर इरफान म्हणून मुलगा राहतो, खराडीत नोकरीला आहे. त्याने शेफालीला खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. त्याची आई, उम्मेहानी, तिला गरम खिचडी वाढत होती. मला पाहून शेफालीने एवढंच विचारलं, "टाळ्या पडल्या का?"

या इरफानशी आजवर माझा संवाद एवढाच, की त्याची स्कूटर कुठे लावू नये ते मी सोसायटीच्या फळ्यावर लिहायचो.

सध्या त्यांच्याकडेच आहोत. खाली गुडघाभर चिखल आहे. तू सांगलीतच राहा. कुठे राहावं हे यापुढे मला कुणी विचारू नये.

लोभ असू दे. अक्कल मी माझी शोधतो.

तुझा उत्तरेश्वर

सांगली
दि. २ ऑगस्ट २०२५

चि. उत्तरेश्वर यास अ. उ. आ.

तुझ्या भाषणाच्या विषयावर सलीमा अजून हसते आहे. मीही हसले, पण घाबरलो असं लिहिलं आहेस तिथे थांबले. आई गेली तेव्हाही तू हे म्हणाला नव्हतास.

पुणं सुरक्षित आहे म्हणून बोलावलंस, तेव्हा मी आले नाही. आता बोलावलं नाहीस, तर येते आहे. शेफाली नीट चालायला लागेपर्यंत राहीन. घर विकायचं नाव काढायचं नाही. उम्मेहानींना विचारून ठेव, त्यांच्या स्वयंपाकघरात मी हात घातलेला चालेल का.

पुढच्या रविवारी सकाळच्या एसटीने निघते. स्वारगेटला ये. गर्दीत जरा पुढे उभा राहा, मला दिसशील असा.

बाकी भेटीत.

तुझी कुसुमताई