साहेबासाठी भोपळ्याचा पाय

स्टुटगार्ट, रविवार

प्रिय शैलास ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. इथल्या थंडीला गुडघाही सरावला. तुझ्या डोळ्याचं डॉक्टर काय म्हणाले?

काल सिद्धेशचा अमेरिकन साहेब त्यांच्याकडचा सण म्हणून आमच्याकडे जेवायला आला. त्याच्यासाठी सूनबाईंनी दिवसभर खपून भोपळ्याचा 'पाय' केला. नावच बघ! मैद्याच्या पारीत उकडलेला भोपळा, साय आणि आपण काढ्याला घालतो ती सुंठ-लवंग. भाजल्यावरही मधोमध गिळगिळीत. त्याच भोपळ्याचे खुसखुशीत घारगे मी अर्ध्या तासात केले असते. तसं म्हणालेसुद्धा. अश्लेषा म्हणाली, "आई, त्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून करतेय."

साहेबानं एक चमचा चाखला. "आमच्याकडे डब्यातला भोपळा वापरतात," असं म्हणून बशी सारली आणि मोबाइल काढला. असल्या माणसाला दारातही उभं करू नये. आणि आमचे चिरंजीव? ओव्हनला हात भाजलेली बायको समोर उभी, आणि हे साहेबाबरोबर हसतायत!

तो गेल्यावर अश्लेषा सगळा पाय केरात टाकायला निघाली. मी तिच्या हातून भांडं घेतलं आणि मोठा तुकडा कापून खायला लागले.

ती घाबरली. "आई, त्यात अंडी आहेत!"

"माहीत आहे. आणखी वाढ."

चव अगदी भिकार होती. पण अश्लेषाचा फोन आला, तर ताईला फार आवडला म्हणून सांग.

तुझी,
ताई