विस्मरणाच्या दिवसाचा कौल

प्रिय ताई,

भाऊजींना जाऊन महिना झाला. त्या दिवशी मला जवळ बसवून तू म्हणालीस, "नियम न्यायाने ठरला होता, मग दोष कुणाला द्यायचा?" मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. तेव्हाच बोलायला हवं होतं.

पाच वर्षांपूर्वी आपल्या या बंद शहरात शुद्ध हवा कमी पडू लागली. कुणाला किती द्यायची हे ठरवायला चिठ्ठ्या टाकून अकरा जण निवडले, त्यांत मी होतो. कुणी आपल्याच पोळीवर तूप ओढू नये म्हणून आम्हाला दिवसभरासाठी विसर पाडणारं औषध टोचलं. नाव, घर, नाती, काम, सगळं पुसलं गेलं. आपण वरच्या मजल्यांवर राहतो की तळाशी, हे ज्याला ठाऊक नाही तोच खरा न्याय करतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आपण कोण हे कळलं तर लगेच उठून बाहेर यायचं, एवढी एकच अट होती.

दुपारपर्यंत सगळ्यांना सारखी हवा द्यायची यावर एकमत होत आलं होतं. मी पाण्याचा पेला उचलला आणि नजर माझ्याच तळहातावर गेली. मऊ, एकही घट्टा नाही. समोरच्या बाईची बोटं तळाशी हवेच्या गाळण्या धुऊन धुऊन सोललेली होती, अगदी तुझ्यासारखी. पण तेव्हा तू मला आठवत नव्हतीस. मी वरचा आहे, एवढंच कळलं.

मी उठलो नाही. उलट बोलायला लागलो. यंत्रं सांभाळणारी डोकी ताजी राहिली तरच शहर तगेल, तेव्हा वर चोवीस तास हवा असू द्या, तळाला आठ तास पुरे. इतकं गोड बोललो की ती बाईसुद्धा मान डोलवायला लागली. सहा विरुद्ध पाच मतांनी तसंच ठरलं.

संध्याकाळी औषध उतरलं तेव्हा आधी तू आठवलीस. माझं शिक्षण व्हावं म्हणून तू मला कधी गाळण्यांना हात लावू दिला नव्हतास.

पुढे भाऊजींना खोकला लागला. मी भेटायला आलो की ते धापा टाकत विचारायचे, "काय मेव्हणे, वरची हवा खिशात भरून आणलीत का?" मी हसायचो आणि लवकर निघायचो.

आज सकाळी मी हे सगळं शहराच्या सभेला लिहून दिलं. दुपारी आदेश निघाला: जुना कौल रद्द, नवे अकरा जण बसेपर्यंत वर-खाली सारखी हवा. माझी नोकरी गेली, खोलीही सोडायची आहे. तुझ्याकडे येऊ का, असं विचारायचं तोंड मला नाही. परवा माझा जबाब चौकात वाचून दाखवतील. तुला ते गर्दीत उभं राहून ऐकावं लागू नये म्हणून हे पत्र. माझ्या हातून चूक झाली, असं जबाबात कुठेही नाही. मला कळत होतं, असं लिहिलंय.

तुझाच,
धाकटा