आईचं गाणं तुम्ही थांबवलंत, अप्पा

तीर्थरूप अप्पा,

पद्धत आहे म्हणून तीर्थरूप लिहिलं. मनात दुसरे शब्द होते, पण गेलेल्या माणसाला तसं लिहू नये म्हणतात.

काल तुमची शोकसभा झाली. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. काय काय बोलले लोक! सूफी फकीर, वचनं गाणारे लिंगायत शरण, आपले विठोबाचे संत, ख्रिस्ती साध्वी, सगळ्यांना म्हणे सरांनी आपल्या ग्रंथांत एका पंगतीत बसवलं. तुमचा एक विद्यार्थी तर रडला. "सर स्वतःच साधू होते," म्हणाला. मी पहिल्या रांगेत दातओठ खात बसले होते, आणि माझ्या शेजारी आई होती. तिथे बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

ती एकादशी आठवते तुम्हाला? म्हैसूर राज्याचं नाव कर्नाटक झालं, त्या सुमाराची. आपल्या समाजाच्या विठ्ठल मंदिरात बायकांचं भजन होतं. आई काय गायची हो! दिवसभर आजोबांच्या शिंप्याच्या दुकानातल्या सदऱ्यांना काजं करायची आणि संध्याकाळी टाळ घेऊन बसायची. गाता गाता तिची तंद्री लागायची. डोळे मिटायचे, आवाज थांबायचा, गालांवरून पाणी वाहायचं. अशा वेळी तिच्याशी कुणी बोलायचं नाही, तिला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी पुढचं कडवं उचलायचं आणि ती भानावर येईपर्यंत म्हणत राहायचं, एवढीच आपल्याकडची रीत. तुम्ही त्याच देवळात लहानाचे मोठे झालात ना?

आणि त्या दिवशी काय केलंत? परदेशी पाहुण्या प्राध्यापकांना घेऊन आलात, टेपरेकॉर्डरसकट. भजन थांबवायला लावलंत. आईसमोर उकिडवे बसलात आणि तिचा खांदा हलवून विचारलंत, "आत्ता काय दिसतंय? प्रकाश दिसतो का? आपण वेगळे आहोत असं वाटतं का? सांग, लवकर सांग!"

सोनाआत्या, तुमची सख्खी थोरली बहीण, टाळ टाकून ओरडली, "अय्यो, बेडा बेडा! हात नको लावू रे तिला!"

तुम्ही तिला हातानंच गप्प केलंत. "अक्का, हा माझा विषय आहे."

तुमचा विषय! बायको नव्हती का ती तुमची?

आईनं डोळे उघडले. समोर माइक, परका माणूस, आणि सगळं देऊळ तिच्याकडे बघतंय. चोरी करताना सापडल्यासारखी ती पदर ओढून घेत होती आणि "काही नाही, काही नाही" एवढंच म्हणत होती. मी तिच्या मागेच बसले होते. तुमचा मला तेव्हा जो राग आला, तो अजून आहे.

त्यानंतरही ती भजनाला जायची. पण डोळे मिटायची आणि लगेच उघडायची. एकदा मला म्हणाली, "मिटले की तुझे अप्पा विचारतात, काय दिसतंय. मग काहीच दिसत नाही गं." पुढे तिनं टाळ आत्याला देऊन टाकले. तुम्ही हिनकलला घर बांधलंत, देऊळ लांब पडायला लागलं, आणि न जायला निमित्त मिळालं. का गात नाहीस, असं एकदा तरी विचारलंत? इतके प्रश्न विचारणारा माणूस तुम्ही!

उलट व्याख्यानांतून तिला गावोगाव फिरवलंत. "एका अल्पशिक्षित स्त्रीचा अनुभव." ना नाव, ना नातं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

कधी वाटतं, तुम्हाला तिचा हेवा वाटत असेल. जन्मभर वाचून जे हाती लागलं नाही, ते तिला काजं करून आल्यावर मिळायचं. अहो, मग नुसतं शेजारी बसायचं होतं! तिनं नाही म्हटलं असतं का?

काल अध्यक्षांनी तिलाही आग्रह केला, सरांबद्दल दोन शब्द बोला म्हणून. ती जागेवरूनच म्हणाली, "सगळं त्यांनाच गोत्तु होतं की, जाणते ते. मला काय विचारता?" लोकांना तो विनय वाटला. टाळ्या पडल्या. माझ्या तर अंगाची लाही लाही झाली.

आणि आज सकाळी आई गायली. हो, अप्पा. इतक्या वर्षांनी, मोरीत कपडे धूत असताना.

आता तुम्हाला सगळं हवं असेल. कोणता अभंग? डोळे मिटले होते का? तंद्री लागली का? मी दारातच होते, मला ठाऊक आहे. तुम्हाला सांगणार नाही. सरांच्या आठवणी गोळा करायला उद्या तुमचे विद्यार्थी टेपरेकॉर्डर घेऊन येणार आहेत, त्यांना फाटकातूनच परतवून लावीन. मी जिवंत आहे तोवर तिला कुणी काही विचारणार नाही, मीसुद्धा नाही. हा माझा शब्द.

तुमचीच मुलगी,
सुलभा