बियाचा भोपळा

सिदूभावजी,

ही चिठ्ठी मनातच वाचा, आत्याबाईंना वाचून दाखवू नका.

मार्शल लॉ लागला त्याच दिवशी तुमचे दादा बंदी असतानाबी पांढरी टोपी घालून भाईर पडले, ते अजून आले न्हाईत. बाजार बंद, घरात पीठ न्हाय, पोरं भुकेनं रडाय लागली. म्हणून आढ्याला टांगलेला आत्याबाईंचा बियाचा भोपळा मी खाली काढला. तुमी आत्याबाईंना घेऊन गावाला गेलेले, पहिला वार घालाय आळीत गडीमाणूस कुणी उरलं न्हाय. मग मीच कोयता घातला. बाईनं आख्खा भोपळा चिरला की घरधन्याच्या जिवावर बेततं, हे मला ठावं हुतं की.

बी राखेत घोळून गाडग्यात ठेवलंय, परसात लावायला हुईल. तुमच्यासाठी फोड परातीखाली झाकलीय. पोरं शेजारी साबेराकाकूंकडं हायत. दवाखान्यात बेवारशी माणसं आणून ठेवलीत म्हणत्यात, तितं बघून येते.

आत्याबाईंनी विचारलं तर सांगा, पहिला वार तुमच्या लेकानंच घातला, मग तो भाईर पडला. ते आले तर मला खोटं पाडायचे न्हाईत.

पर आले पायजेत.

राजावैनी