दुसरा अंतरा

जवाहर नगर, जयपूर
१२ जानेवारी २०२५

चि. कौशिक यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपण दोघंही रडतो आणि बोलायचं राहूनच जातं, म्हणून लिहायला बसले. आमच्या प्रसन्नचं दिवसकार्य आटोपल्यावर तू रत्नागिरीला घरी गेलास ते बरं केलंस. इथल्या दुर्गापुऱ्यातल्या तुझ्या भाड्याच्या खोलीवर एकटा काय करणार होतास?

इथे थंडी फार आहे. मिताली कथकच्या क्लासला पुन्हा जाऊ लागली, पण घरात बोलत नाही. भावाची खोली मी झाडते. तुमच्या रेकॉर्डिंगच्या वायरींना हात लावत नाही.

एक मागणं आहे. तुम्ही दोघांनी केलेली चार गाणी आम्ही ऐकली. डेंग्यूचा ताप चढत असताना तो वर बसून गायला, ते पाचवं राहिलंय. काकांना ते ऐकायचंय. सगळा जन्म बँकेत गेला, गाण्यातलं कळत नाही म्हणायचे. आता रोज विचारतात. जेवढं झालं असेल तेवढं पाठव.

वेळेवर जेवत जा. आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुझी,
शालिनीकाकू

रत्नागिरी
२४ जानेवारी २०२५

ती. स्व. काकूंस,
शि. सा. न.

गाणं पुरं केलंय, मितालीच्या फोनवर पाठवलंय. काकांना मात्र इतक्यात ऐकवू नका.

त्यात चूक काही नाही, पण जीव नाही. दुसऱ्या अंतऱ्याला प्रसन्नने नुसतं गुणगुणलं होतं. शब्द मी लिहिले आणि मीच गायलो. एरवी मी एखादी जागा सजवली की तो तिथेच अडवायचा. मी चिडायचो, दोघं तासभर भांडायचो, आणि त्यातून जे निघायचं ते त्याचंही नसायचं, माझंही नसायचं. दोघांपेक्षा चांगलं असायचं. काकू, आता मला अडवायला कुणी नाही. जे करीन ते रात्री मला आवडतं आणि सकाळी ऐकवत नाही.

रागावू नका, आणि मला दूर लोटू नका.

आपला,
कौशिक

जयपूर
५ फेब्रुवारी २०२५

कौशिकदादा,
सा. न. (आई म्हणाली असं लिहितात.)

माझी मराठी चुकेल, हसू नका. गाणं ऐकली. मतलब, ऐकलं. छान आहे आणि मला आवडलं नाही.

दादा त्या दिवशी बीमार होता. समवर थोडा उशिरा येत होता, मध्ये मध्ये श्वास घेत होता. मी दाराच्या बाहेर बसून ऐकलं आहे. तुम्ही कंप्यूटरवर सगळं सीधं केलं, श्वास काढून टाकले. आता तो असा गातो जसं त्याला काही झालंच नाही. तो दादा नाही आहे.

आणि तुमचे शब्द कशाला? त्याने गुणगुणलं ते द्या ना.

तुम्ही आईला लिहिलं की अडवायला कुणी नाही. मी अडवते आहे. तुमचा दोस्त होता, पण माझा भाऊ होता. राग आला तरी उत्तर लिहा.

मिताली

रत्नागिरी
१७ फेब्रुवारी २०२५

चि. मिताली हीस,
अनेक आशीर्वाद.

राग आला. तू कोण सांगणारी, असंही मनात आलं. मग मूळ रेकॉर्डिंग उघडलं. त्याचा श्वास ऐकला की मला दवाखाना आठवतो, म्हणून ते श्वास मी पुसत गेलो. तुझं खरं आहे. सगळे परत ठेवलेत. माझे शब्द काढले, गुणगुणणं राहू दिलं.

पण आता अडलंय. खाली तालाचा ठोका ठेवला की प्रसन्नच चुकतोय असं वाटतं. त्याच्यासाठी थांबणारा ठोका हवा, तो माझ्या यंत्राला जमत नाही. तुझ्या पायांना जमेल का? घुंगरू नकोत, नुसती अनवाणी पावलं, लाकडी फळीवर. पुढच्या आठवड्यात जयपूरला येतोय. आपलं पटणार नाही हे धरूनच चाल.

तुझा,
कौशिकदादा

जवाहर नगर, जयपूर
९ मार्च २०२५

चि. कौशिक यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलास, बरं वाटलं. तुम्ही वर तावातावाने भांडत होता तेव्हा मी खाली भाजी निवडत होते. आमची मुलगी एवढं बोलते हे विसरलेच होते मी. एकदा ती तुला म्हणाली की थांबायचं कुठे हे तुम्ही ठरवू नका, दादा श्वास घेईल तिथे माझे पाय थांबतील. त्यावर फळी सरकवल्याचा आवाज आला. मग पावलं ऐकू आली. मी गॅस बंद करून जिन्यात येऊन बसले, पण प्रसन्नचा आवाज लागला तशी उठले आणि बाहेर पडले. राजा पार्कच्या बाजारापर्यंत चालत गेले, काही न घेता परत आले.

तू निघाल्यावर काकांनी गाणं ऐकलं. शेवटपर्यंत मान खाली होती. मग एवढंच म्हणाले की पोरगी त्याला सांभाळून घेत चालली होती. आणि भर दुपारी पुन्हा अंघोळीला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

मला मात्र जमलेलं नाही, कौशिक. मिताली रोज विचारते आणि मी रोज काहीतरी काम काढते. हे गाणं माझ्याच्याने ऐकवणार नाही, कदाचित कधीच नाही. तेव्हा तुम्ही दोघं दुसरं करा. कशावरही करा, भांडून करा. त्यात प्रसन्न नसेल. ते आधी मला ऐकवा. तेवढं ऐकायला मी शिकेन.

येत जा. हे घर परकं करू नकोस.

तुझी,
शालिनीकाकू